प्रार्थनेत घेतलेलं नाव

'आमेन' म्हणून मी डोळे उघडले, तर शेजारच्या मार्थाने पदर पार कपाळाखाली ओढून घेतला होता. ऊन नव्हतं, वारा नव्हता. तरी ती तोंड झाकून बसली होती.

बायकांच्या प्रार्थनेत मी कधी बोलत नाही. चौथी शिकलेली मी, चारचौघींत शब्द सुचत नाहीत. पण त्या दिवशी सकाळीच पवित्र शास्त्रातला जिभेला आवर घालण्याचा भाग ओळीखाली बोट धरून वाचला होता. मन भरून आलं होतं. म्हणून धीर करून मोठ्याने म्हटलं, "प्रभू, मार्थाच्या नवऱ्याची दारू सोडव."

बायका म्हणाल्या, "होय प्रभू, होय." मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर, आपल्यालाही बोलता येतं याचंच बरं वाटलं.

मार्थाने ती गोष्ट मला एकटीला सांगितली होती, माझ्या ओट्यावर बसून, हळू आवाजात.

परतताना मी विचारलं, "रागावलीस का गं?"

"तुझ्यावर कशाला रागावू? देवाला ठाऊकच होतं गं. बायकांना नव्हतं."

सकाळचं वाचलेलं दुपारपर्यंतही माझ्याजवळ टिकलं नाही. डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते, म्हणून ती चुगली आहे हे माझं मलाच कळलं नाही.

मार्था अजून भेटते. भाजी महागली म्हणते, उकाडा फार म्हणते. घरचं मात्र काही सांगत नाही, आणि विचारायला मला तोंड उरलं नाही.