सुभद्रावैनीचे हात

सुभद्रावैनी आमच्या शेजारच्या. वेंगुर्ल्यातल्या एका काजूच्या कारखान्यात बिया फोडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. बोलायला तिखट, पण ओल्या काजूगरांची उसळ अशी करतात की माणूस भांडण विसरून पुन्हा वाढून घेतो. मी भांडलेही आहे आणि उसळही खाल्ली आहे.

त्यांची लेक आकांक्षा केमिकल इंजिनिअरिंगला. यंदा एप्रिलात तिच्या वर्गातली मुलं सरांबरोबर जर्मनीतला एक मोठा रासायनिक कारखाना बघायला निघाली. आलेल्यांपैकी एकाला तिथं वर्षभर शिकाऊ म्हणून घेणार होते, आणि निवड त्याच दिवशी, आतल्या प्रयोगशाळेत. पोरीला महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी वैनींनी उसळीचा घाट घातला आणि तिला ओले काजू सोलायला बसवलं. हाताला खोबरेल चोपडल्याशिवाय ओल्या काजूला शिवायचं नाही, चीक कातडी जाळतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वैनींच्या हातांना आता चीक कळतच नाही. त्या तशाच बसल्या. त्यांचं बघून लेकही गप्पांच्या नादात तशीच बसली.

तिकडे पोचली तोवर तिची बोटं फोडांनी भरली होती.

त्या दुपारी मी वैनींच्या पडवीत होते. व्हिडिओ कॉल आला. आकांक्षाच्या मागे भलंमोठं फाटक दिसत होतं.

"आये, माका आत सोडणत नाय."

फाटकावरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे हात बघितले होते. कशानं भाजलं ते कळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम. काजूनं असं होतं हे बाईंना पटेना. त्यांना काजू माहीत तो खारवलेला, पाकिटातला. सर बाकीच्यांना घेऊन आत निघाले होते.

"माझ्यामुळां जाला ह्यां," वैनी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला राग आला. त्या नियमाचा, वैनींचा, त्या मेल्या उसळीचासुद्धा.

"वैनी, रडतास कित्याक?" मी म्हटलं. "हात दाखवा त्या डॉक्टरणीक."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? वैनींनी टोपलीतली ओली बी चिरून चीक दाखवला, मग दोन्ही हात फोनपुढे धरले. काळे पडलेले, सालपटं निघालेले, बोटांच्या टोकांना एक रेष उरलेली नाही. आकांक्षानं फोन डॉक्टरीणबाईंकडे वळवला, त्या वाकून बघू लागल्या. मग फोनच बंद झाला.

पुढची दुपार कशी गेली ते आम्हालाच माहीत. वैनींनी देवाला गाऱ्हाणं घातलं, चूल पेटवली नाही. मीही तिथून हलले नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. हातांना पट्ट्या बांधून, वर मोजे चढवून बाईंनी आकांक्षाला आत सोडलं होतं. आणि निवडही तिचीच झाली होती. वैनी हसल्या, पुन्हा रडल्या.

"आये," आकांक्षा म्हणाली, "ती डॉक्टरीण तुझे हात बघून इचारी होती. असल्या हातांनी तुका कामार कोण सोडता?"

वैनींनी हात पदराखाली घेतले.

"सोडूक कशाक व्हया कोण?" त्या म्हणाल्या. "माका आजपर्यंत कोणी अडवूकच नाय."