पायाखालची पणती

आमचे हे लढाईहून परत आले, तेव्हा त्यांचे पाय नुसते दिसायला धड होते. मलायात शत्रूच्या कैदेत उपासमार झाली आणि त्यातून आलेल्या आजारानं घोट्याखालची जाणीव गेली, ती गेलीच. टाचणी टोचली तरी त्यांना कळायचं नाही. लष्करी इस्पितळातून सोडताना तिथल्या नर्सबाईंनी मला समोर बसवून सगळं शिकवलं. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात पाय धुवायचे, पाणी आधी आपल्या कोपरानं बघायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तळव्याखाली आरसा धरून कुठं फोड, कुठं चीर आहे का ते पाहायचं. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा. एखादी जखम नजरेतून सुटली आणि चिघळली तर बोट जाईल, मग पाऊल जाईल, हेही त्यांनी सांगून ठेवलं. त्या दिवसापासून एकही संध्याकाळ मी चुकवली नाही.

कलकत्त्यात आम्ही सियालदहजवळ दोन खोल्यांत राहत होतो. हे रोज गाडीनं बजबजला जायचे. तिथल्या एका ज्यूट मिलच्या गोदामात दिवसभर उभ्यानं काम असायचं. पाऊल गेलं असतं तर नोकरी गेली असती, पण खरं सांगायचं तर मला नोकरीचं भय नव्हतं. जो माणूस कैदेतून चालत परत आला, त्याला मी घरात बसलेला पाहू शकले नसते. इकडे मी भाजी चिरत असायचे आणि मनात गोदामातले खिळे, स्टेशनातल्या काचा मोजत असायचे. हे हसायचे. म्हणायचे, "अगं, कैदेतसुद्धा माझ्यावर इतका पहारा नव्हता." मला त्या थट्टेचा रागच यायचा.

त्या वर्षी सासूबाई कोकणातून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या. माझा संध्याकाळचा कार्यक्रम पाहून म्हणाल्या, "बायका आरशात आपलं तोंड बघतात, आमची सून नवऱ्याचे तळवे बघते."  मी आरसा खाली ठेवला नाही.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळीच्या आधी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं, ही आमच्याकडची रीत. कारीट म्हणजे रानातलं लिंबाएवढं कडू फळ. तोच नरकासुर समजायचा आणि चिरडायचा. कलकत्त्यात कारीट कुठून मिळणार? आम्ही दर वर्षी बाजारातून उच्छे आणायचो, म्हणजे बंगाल्यांचं बुटकं कारलं. अंगठ्याखाली ते मऊ लोण्यासारखं दबायचं, माझी काळजी तेवढीच कमी. सासूबाईंनी मात्र ते हातात घेऊन वास घेतला आणि परत टोपलीत टाकलं.

"याची इथं भाजी करतात ना?"

"करतात."

"मग अन्न आहे ते. अन्न पायाखाली घ्यायचं? आपल्यात नाही चालत."

"मग फोडायचं काय?"

"बघते मी," त्या म्हणाल्या.

पहाटे त्यांनी ह्यांना पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं. मी आत पाणी बघत होते. त्या दिवशी माझं सगळं भय कढत पाण्यात अडकलेलं होतं. गार पाणी घाल, ढवळ, कोपर बुडव, पुन्हा घाल, असं माझं चाललं होतं. तेवढ्यात गॅलरीतून कट्कन आवाज आला आणि सासूबाईंचा समाधानी स्वर ऐकू आला, "फुटला मेला."

मी धावले. पाटाजवळ मातीच्या पणतीचे तुकडे पडले होते. कालीपूजेसाठी आणलेल्या पणत्यांतली एक त्यांनी उपडी घालून ठेवली होती आणि ह्यांनी आईच्या शब्दाखातर तिच्यावर सगळा भार टाकला होता. मी कंदील जवळ नेऊन पाऊल उचललं. तेल आणि उटण्याच्या लेपाखाली काही दिसेना. आमची जमीन लाल सिमेंटची, तिच्यावर रक्तही दिसायचं नाही.

"लागलं का हो?"

"मला विचारतेस?" हे म्हणाले.

अंघोळ झाली, फराळ झाला. मी पुन्हा पाऊल बघायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. "सणाच्या दिवशी तरी त्याला माणसासारखा राहू दे." हे तोवर मोजे-बूट चढवून दारात उभे होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहालाला, ओळखीच्या मराठी घरी फराळाला जायचं होतं. दिवसभर आम्ही हिंडलो. हे छान चालत होते, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

संध्याकाळी मोजा निघेना. अंगठ्याशी चिकटून कडक झाला होता. पाण्यात भिजवून सोडवला, तर अंगठ्याच्या खाली पणतीचा तुकडा रुतलेला. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी तो पाहिला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, पाऊल सुजलं. गल्लीतल्या बंगाली डॉक्टरांनी जखम साफ केली, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि पावलावर जांभळ्या पेन्सिलीनं एक रेघ मारली. "रोज पट्टी सोडून बघा," म्हणाले. "लाली रेघेच्या वर गेली तर इस्पितळ, आणि तिथं अंगठ्यावर भागेल असं मी सांगत नाही."

मग ती रेघच आमच्या घरात राहायला आली. स्वयंपाक करताना ती दिसायची, डोळे मिटले की दिसायची. पहिल्या सकाळी लाली रेघेला टेकली होती. दुसऱ्या सकाळी मी पाटावर बसले, पट्टीच्या गाठीला हात घातला आणि मागे घेतला. इतकी वर्षं रोज ते पाय पाहिले होते, पण त्या दिवशी माझ्याच्यानं पाहवेना.

"इकडे आण तो पाय," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी पाय आखडून घेतला. "आई, तू माझ्या पायांना हात लावू नकोस. मला पाप लागेल."

"लहानपणी काय शेजारीण येत होती तुझे पाय धुवायला?"

त्यांनी पाऊल मांडीवर ओढून घेतलं, गाठ सोडली, पट्टी उलगडली. मग कितीतरी वेळ वाकून पाहत राहिल्या. शेवटी त्यांचा आवाज फुटला तो रडवेला. "रेघ कुठाय गं? मला दिसत नाही. तू बघ."

मला बघावंच लागलं. लाली रेघेच्या बोटभर खाली उतरली होती.

"खाली आहे," मी म्हटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण पाय मांडीवरून खाली ठेवला नाही.

अंगठा राहिला. नख काळं पडून गळालं, नवं आलं ते वेडंवाकडं.

पुढच्या दिवाळीला सासूबाईंनी स्वतः बाजारात जाऊन उच्छे आणलं. पहाटे मुलाला पाटावरून उठू दिलं नाही. "त्याच्या वाटचं मी फोडते," म्हणाल्या आणि आपल्या डाव्या अंगठ्याखाली ते चिरडलं. अन्नाचं काय, असं मी विचारलं नाही. आता घरात भ्यायला आम्ही दोघी होतो. त्या खाली बसल्या, मुलाचं पाऊल मांडीवर घेतलं. ते पाऊल तर पाटावरून हललंही नव्हतं.

मला म्हणाल्या, "आरसा आण."