दिलीपला सोडवायला निघालेली माणसं

सुरतजवळ सचिन गावातल्या आमच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये बॉयलरजवळ चार मराठी माणसं चहाला जमली की दिलीपचे किस्से निघतातच. एक संपला की दुसऱ्याला आणखी एक आठवतो. दिलीप आमच्यातलाच बॉयलर फिटर, मूळचा पारोळ्याकडचा, घर सुरतेतच, भेस्तानला. चांगला पगार मिळतो म्हणून तो आफ्रिकेत एका सिमेंट प्लांटवर गेला आणि तिथल्या अतिरेक्यांनी त्याला साईटवरूनच उचललं. साडेचार महिने डांबून ठेवलं. ते दिवस वाईटच होते. पण त्याच्या बायकोला, मंगलवहिनींना घेऊन मी ज्या ज्या ऑफिसात गेलो, तिथून किस्सेच घेऊन आलो. दुसरं काही कुणी देतच नव्हतं.

*

पहिला मान पोलिसांचा. अतिरेक्यांचा व्हिडिओ मोबाईलवर आला होता. दिलीप मातीत गुडघ्यांवर बसलेला, मागे तोंड बांधलेले तीन बंदूकवाले. जमादार म्हणाले, "आ अमारी हद नथी." मी म्हटलं, हद्द तुमची नसू दे, निदान अर्ज तरी घ्या. त्यांनी हरवलेल्या माणसाचा फॉर्म काढला.

"आखिरी बार किसके साथ दिखे?"

वहिनींनी व्हिडिओ पुढे केला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि पेन उचललं.

"इन तीनों में से किसी का मोबाईल नंबर?"

वहिनी म्हणाल्या, "नंबर असता तर त्यांच्याशीच बोलले असते. तुमच्याकडे कशाला आले असते?"

*

मग सुरतच्या सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी पासपोर्टची झेरॉक्स बघितली. पत्ता पारोळ्याचा. म्हणाले, "हा माणूस महाराष्ट्राचा, तुम्ही जळगावला जा."

आम्ही जळगावला गेलो. तिथले साहेब अगदी सज्जन. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "वीस वर्षं सुरतेत राहताहेत ना? मग गुजरातनंच बघायला पाहिजे."

परतीच्या गाडीत नंदुरबारला वहिनींनी डबा उघडला. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या बंदूकवाल्यांनी एक बरं केलं. धरताना गाव विचारलं नाही."

*

दिल्लीचा एक हेल्पलाईन नंबर मिळाला. वहिनी दर सोमवारी फोन लावायच्या. तिकडची मुलगी दर सोमवारी सांगायची, "हम संबंधित लोगों के संपर्क में हैं." ऐकायला बरं वाटायचं.

एका सोमवारी वहिनींनी विचारलं, "संपर्क आहे ना, मग एवढं विचाराल का, त्यांना बीपीची गोळी मिळते का?"

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, दवाई का विभाग अलग है."

वहिनींनी फोन ठेवला नाही. वही ओढली आणि म्हणाल्या, "त्या विभागाचा नंबर सांगा."

*

पेपरात बातमी आली तेव्हा आमच्या भागातले नेते घरी आले. आठ-दहा माणसं, चपलांचा ढीग आणि एक फोटोग्राफर. वहिनी भाजी निवडत होत्या. नेत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण फोटोग्राफरला काही ते पटेना. "बेन, थोडं रडाल का? फोटो कोरा वाटतो."

वहिनी म्हणाल्या, "सकाळीच रडून झालं. तुम्ही उशीर केला."

*

आणि एके दिवशी दिलीप सुटला. सुरत स्टेशनबाहेर नेत्यांनी मांडव घातला होता. हार, ढोल, दोन चॅनेलवाले. दिलीप निम्मा झाला होता, शर्ट खांद्यावरून उतरत होता. वहिनी त्याची बाही घट्ट धरून उभ्या होत्या.

नेत्यांनी माईक त्याच्या तोंडापुढे धरला. "सांगा दिलीपभाई, सगळ्यांना सांगा. कुणामुळे सुटलात?"

दिलीप साधा माणूस. विचारलं ते सांगायला लागला. "मला ताप भरला होता. पहारेकऱ्याची म्हातारी आई त्याला जेवण द्यायला आली. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि सगळ्यांवर अशी तडकली की बंदूकवाले खाली बघायला लागले. भाषा कळत नव्हती, पण ती आईसारखीच बोलत होती. दिवसभर तिथनं हलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेम्पोत घातलं अन् हमरस्त्यावर उतरवून दिलं."

चॅनेलवाले एकमेकांकडे बघू लागले.

नेत्यांनी माईक काढून घेतला, घसा साफ केला आणि लोकांना विचारलं, "आणि त्या माऊलीला तिथे कोणी पाठवलं?"

मांडवात जोरात टाळ्या पडल्या. सगळे वाजवताहेत म्हणून दिलीपनंही वाजवल्या.