उरलेले चार प्रश्न

गेल्या गुरुवारी मी माझ्याच कॉलेजमध्ये पाहुण्यासारखा जाऊन आलो.

आमच्या चाकणच्या पट्ट्यात कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. जग कामावर आणि आपण रिकामे... तळवड्याच्या रूमवरचे बाकीचे दोघे आयटीवाले, त्यांची सुट्टी शनिवार-रविवार. एकाच खोलीत राहतो, पण माझी भेट होते ती दोरीवर वाळणाऱ्या त्यांच्या कपड्यांशी.

त्यात मोबाईलवर तिची स्टोरी दिसली. कॉलेजची क्विझ, विषय जगाचा इतिहास, गुरुवार सकाळी अकरा. क्विझमास्टर म्हणून खाली तिचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... दोन वर्षं ती आणि मी एका टीममध्ये होतो. ती बी.ए., मी बी.कॉम. जुन्या कॅलेंडरची पानं कापून ती मागच्या कोऱ्या बाजूला प्रश्न लिहायची आणि कँटीनमध्ये गठ्ठा घेऊन समोर बसायची. मला इतिहासाची आवड वगैरे काही नव्हती, राव. तिनं मला प्रश्न विचारलेले आवडायचे. हे तिला कधी सांगितलं नाही.

मग गेल्या वर्षीची फायनल. सर वाचायला लागले, "रशियातली ऑक्टोबर क्रांती कोणत्या महिन्यात झाली..." आणि मी बझर दाबला. नोव्हेंबर! छाती फुगवून. सगळे ऑक्टोबर म्हणतात आणि फसतात, हे मला पाठ होतं.

सरांनी शांतपणे उरलेला प्रश्न वाचला. "...त्या वेळच्या रशियन कॅलेंडरप्रमाणे?" ते कॅलेंडर आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे होतं. म्हणजे उत्तर ऑक्टोबरच. आमचे मार्क कापले.

तिथे गप्प बसायचं होतं. ती टेबलाखालून माझी बाही ओढत होती, "बस ना रे, अजून चार प्रश्न आहेत, काढू आपण." पण माझं डोकं फिरलेलं. सरांशी भांडलो, माईक आपटला आणि स्टेजवरून उतरून सरळ गेटबाहेर...

उरलेले चार प्रश्न ती एकटी खेळली. दोघांच्या टेबलावर, शेजारी रिकामी खुर्ची. हे मला दुसऱ्याकडून कळलं.

कॉलेजनं माफीनामा मागितला, मी दिला नाही. त्यावरून घरी वडिलांशीही वाजलं. पिंपळे गुरवचं घर सोडून रूम घेतली, कंपनी धरली. लोकांना सांगतो, घरची जबाबदारी होती म्हणून शिक्षण सोडलं. साफ खोटं आहे. वडील आजही फी भरायला तयार आहेत.

कंपनीत लाईनवर उभा असतो तेव्हा डोक्यात प्रश्न चालू असतात. एकदा चहाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरच्या काकांना म्हटलं, काका, सांगा बरं, शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं? काका म्हणाले, "माझं आणि तुझ्या काकूचं? अजून चालूय." सगळे हसले, मीपण हसलो. पण तो प्रश्न ज्या कॅलेंडरच्या पानावर होता, ते पान माझ्या बॅगेत आहे, हे कुणाला सांगणार...

तर गुरुवारी गेलो. गेटवरच्या वॉचमनमामांनी लगेच ओळखलं. "काय रं, परत ॲडमिशन घेतलं का?" म्हटलं, नाही मामा, क्विझ बघायला आलोय. "बस मागं. पण आरडाओरडा करायचा न्हाई हां!" एवढी माझी ख्याती.

मी शेवटच्या रांगेत, खांबाजवळ बसलो. ती स्टेजवर आली आणि पहिलाच नियम सांगितला... प्रश्न पूर्ण झाल्याशिवाय बझर दाबायचा नाही. थर्ड इयरची पोरं खिदळली. तो नियम कुणामुळे आला, त्यांना माहीत होतं. मी मान खाली घातली.

चौथ्या राऊंडला तिनं वाचलं, "तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं ते वर्ष..." एका टीमनं तिथेच बझर दाबला, "चौदाशे त्रेपन्न!" टीम बाद. तिनं पुढे वाचलं, "...तुम्हाला माहीत आहेच. त्याच वर्षी युरोपातलं कोणतं लांबलेलं युद्ध संपलं?" कुणालाच येईना. प्रश्न प्रेक्षकांकडे आला.

तिच्या हातातल्या कागदाची मागची बाजू आमच्याकडे होती. त्यावर तारखांचे चौकोन होते. अजूनही कॅलेंडरचीच पानं.

मी हात वर केला. तिनं पाहिलं. मग म्हणाली, "मागे, निळा शर्ट. तुम्ही सांगा."

मी उभा राहिलो. शंभर वर्षांचं युद्ध. चाललं एकशे सोळा वर्षं.

"बरोबर," ती म्हणाली आणि पुढचं पान घेतलं. बक्षिसाचं चॉकलेट स्टेजवरून निघालं आणि हातोहात, एकेक रांग करत माझ्यापर्यंत आलं. तिनं दिलेलं, पण मधे चाळीसएक हात.

संपल्यावर स्टेजपाशी थांबलो होतो. ती फोटोंच्या गर्दीत होती. एकदा नजरानजर झाली, कुणीतरी तिला हाक मारली आणि ती वळली. मी बसस्टॉपवर आलो. चॉकलेट तसंच खिशात.

एकशे सोळा वर्षं लढून ते लोकही शेवटी थांबले. मला एक शब्द बोलायला वर्ष लागलं, आणि तोही समोर उभं राहून निघाला नाही.

हे सगळं त्याच दिवशी मोबाईलमध्ये लिहून ठेवलं होतं. आठवडाभर 'पोस्ट'च्या बझरवर बोट ठेवून बसलो, दाबला नाही. आज परत गुरुवार आहे, रूमवर कुणी नाही...

तू हे वाचत असशील तर, सॉरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी नाही. त्या चार प्रश्नांसाठी, जे तू एकटीनं खेळलीस.