बाबांसाठी घेतलेला जनरेटर

बाबांची फुप्फुसं निकामी होत आली तेव्हा घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. वसईत लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पेट्रोलवर चालणारा जनरेटर घ्यायचं ठरलं. मी आणि दादा दुकानात निघालो. बाबाही हट्टाने रिक्षात येऊन बसले.

दुकानदाराने एक लहान जनरेटर दाखवला. आवाज कमी, बटण दाबलं की सुरू. "पेशंटच्या मशीनला हाच बरा," तो म्हणाला. मलाही तोच हवा होता. दिवसभर बाबांजवळ मीच असायचे.

दादाने मात्र शेजारच्या मोठ्या जनरेटरवर हात ठेवला. "याच्यावर एसी चालेल का?"

"एसी कुणाला?" मी विचारलं.

"कळंबच्या कॉटेजला. नंतर तिकडेच नेता येईल ना." तिथे समुद्राकाठी दादा पाहुण्यांना कॉटेज भाड्याने द्यायचा.

"नंतर म्हणजे कधी?"

दादा किमतीची चिठ्ठी बघू लागला. खुर्चीत धापा टाकणारे बाबा म्हणाले, "मी गेल्यावर. बरोबर बोलतोय तो. माझ्यापुरती वस्तू कशाला घ्यायची? तुला व्यवहार कळत नाही."

मोठाच आला. दोरी ओढून सुरू करायचा. माझ्याने ती जेमतेम ओढली जायची. चोरीच्या भीतीने दादाने तो बाबांच्या खिडकीखाली ठेवला. मागे विहिरीजवळ ठेव म्हटलं, तर म्हणाला, "तिथे राखण तू करणार?" लाईट गेली की धूर आत यायचा. खिडकी लावली की बाबा घुसमटायचे. तरी मला दादाला काही बोलू द्यायचे नाहीत.

मग ऐन पाहुणे यायच्या वेळी कळंबचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दादा टेम्पो घेऊन आला. "एवढे पाहुणे जाऊ देत, लगेच परत आणतो." मी आडवी उभी राहिले. बाबांनी मला हातानेच बाजूला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा जेवत असताना लाईट गेली. मशीन किंचाळायला लागलं. मी अडीनडीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणला, पण घाईत त्याची किल्ली बसेना. बाबांचे ओठ निळे पडले. तोंडातला भात गळ्यावर ओघळला. कशीबशी किल्ली फिरली.

बऱ्याच वेळाने त्यांनी मास्क बाजूला केला. मला वाटलं, पाणी मागतील.

"दादाला फोन लाव," ते म्हणाले. "तिकडे जनरेटर नीट चालतोय का विचार. पाहुण्यांची गैरसोय नको."

मी लावला. मागे गाणी वाजत होती. "एकदम मस्त चाललाय," दादा म्हणाला.

मी तेच बाबांना सांगितलं. त्या आजारपणात त्यांचा चेहरा इतका समाधानी मी पहिल्यांदाच पाहिला.