स्वर्गाच्या नाक्यावरचा फौजदार

नवापुरात आमच्या लाकडांच्या वखारीला लागून मिशनचं छोटं प्रार्थनामंदिर होतं, आणि तिथले पाळक इतके संशयी होते की गावाने त्यांचं नावच 'फौजदार' पाडलं. गोऱ्या साहेबाचं राज्य. मिशनवाले माणसं बाटवतात, असा आमचा पक्का समज. आणि हे गृहस्थ तर ख्रिस्ती व्हायला आपण होऊन आलेल्यांना हाकलून लावत!

दारात कुणी उभं राहिलं की पहिला प्रश्न, "कसाले?" कशाला व्हायचंय ख्रिस्ती? एकाची कोर्टात केस होती; मिशनच्या गोऱ्या साहेबाने मामलेदाराकडे शब्द टाकावा, ही आशा. "वकील कर," म्हणून त्याला वाटेला लावलं. दुसऱ्याला येशूजवळ भारी मंत्र असल्याची खबर लागली होती. "मंत्र पाहिजे तं भगतकडे जाय, भो. आठे मंत्र नही." एवढ्यातून जो टिके, त्याची परीक्षा व्हायची: ज्याच्याशी वैर आहे त्याच्या घरी जाऊन, त्याच्या हातचं जेवून ये. बरेचजण तिथूनच परत फिरत.

माझ्या वडिलांना यातही डाव दिसे. "नही म्हनीसन वढ लावस तो," ते मला बजावत. "त्यानासंगे हस, पन पानी पिऊ नको." मी रोज हसलो, आणि आज हा मला गळाला लावणार म्हणून रोज सावध राहिलो. पाळकांनी कधी धर्माचा शब्द काढला नाही. खरं सांगतो, मला अपमान वाटायला लागला. शेवटी मीच विचारलं, "पाळकसाहेब, माणूस धर्म बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?"

"नाव बदलनं, सदरा बदलना, त्याले बदल म्हंतस का?" ते म्हणाले. "बैल कासरा वढा का वळस. मानूस आतून वळना पाहिजे. अन् आतलं कोनले दिसस? म्हनीसन इचारस मी."

अशा माणसाची बायकोच ख्रिस्ती नव्हती. नवऱ्यामागोमाग बाई नवापुरात आल्या आणि आल्याआल्या त्यांनी मागच्या दारी तुळस लावली. पाळकांनी त्यांना कधी आग्रह केला नाही. एका सकाळी बाईच म्हणाल्या, "माले बाप्तिस्मा द्या."

"कसाले? मन्हासाठे?"

मी वखारीत फळ्या रचण्याचं सोंग करत कान टवकारले. बाईंनाही परीक्षा सुटली नाही. नवरा बाटला म्हणून त्यांच्या भावाने माहेर तोडलं होतं. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जाऊन झोके खेळतात. यांना मात्र निरोप येत नसे. त्या वर्षी बाई निरोपाशिवाय गेल्या.

परतल्या तेव्हा फौजदार ओट्यावरच बसलेले, आणि मी वखारीत पुन्हा फळ्यांशी.

"जेवाले दिधं?"

"दिधं. गोठाजवळ, पत्रावळवर."

"खादं?"

"खादं. भाऊले म्हनलं, पुरनपोळी चांगली व्हयनी."

"राग गया का? का वरवर?"

बाईंनी गाठोडं खाली ठेवलं. "तुम्ही मिशनना दवाखानामा तापमा पडेल व्हतात. साहेबनी इचारं, येशू पाहिजे का? तुम्ही मुंडी हालाई. बस. तुमनी परीक्षा कोनी लिधी व्हती?"

हातातली फळी खाली ठेवायचं मला सुचेना. फौजदार म्हणाले, "कोनीच नही." मग स्वतःशीच, "माले फुकट भेटनं."

पुढच्या रविवारी बाईंचा बाप्तिस्मा झाला. मी खिडकीतून पाहिलं. आता तुळस कधी उपटतात, म्हणून गाव टपून बसलं. बाई तिला पाणी घालत राहिल्या, दिवा तेवढा बंद केला. "झाड शे ते," म्हणाल्या.

संशय असा जातो थोडाच! पुढेही कुणी दारात आलं की "कसाले?" निघेच. मग आतून बाईंचा खोकला ऐकू येई, आणि फौजदार घाईघाईने म्हणत, "बस, भो. पहिले पानी पी."

काही वर्षांनी बाई गेल्या. त्यानंतर एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना डोंगराकडचा एक माणूस दारात आला.

"कसाले?" फौजदारांनी विचारलं. आणि आतल्या दाराकडे बघत थांबले. आत कुणी नव्हतं. मग ते स्वतःच हलकेच खोकले, आणि त्या माणसासाठी पाणी आणायला उठले.