कानावर पडेपर्यंत

माझे बाबा, शामसुंदर गुरुजी, रामकुंडावर उपाध्ये आहेत. लोकांच्या अस्थी, लोकांचे दहावे, लोकांची श्राद्धं यात त्यांची पस्तीस वर्षं गेली आणि त्यांच्या मागे आईचीही गेली. आईला समुद्र बघायचा होता. नुसतं लांबून दर्शन नको, दोन दिवस त्याच्या काठाकाठानं हिंडायचं होतं. दरवेळी पिशव्या भरल्या की फोन यायचा. कुणीतरी यजमान गेलेला असायचा, नाहीतर भाऊकीत सुतक लागायचं. "आपल्या घरात लोकांचं मरण आधी आणि आपलं जगणं मग," आई हसत म्हणायची. हसत म्हणायची म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी गेल्या फेब्रुवारीत मीच दिवेआगरला खोली ठरवली आणि दोघांना गाडीत बसवून दिलं. तिथं खोलीवाल्यानं भाड्याच्या ॲक्टिव्हाची किल्ली बाबांपुढे धरली. बाबांनी ती आईच्या हातात दिली. बाबांना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. आई मात्र बारा वर्षं नाशकातल्या द्वारकेच्या गजबजलेल्या चौकातून रोज ऑफिसला गाडी नेते. ज्याला द्वारका जमली, त्याला कोकणातला रस्ता म्हणजे अंगणच. तरी रिकाम्या रस्त्यावर, पोफळीच्या वाड्यांमधून जाताना ती प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवत होती. "स्वानंदी, हे मागे बसून विष्णुसहस्रनाम म्हणतात गं!" संध्याकाळी फोनवर तिला हसू आवरत नव्हतं. मी तिला इतकं हसताना फार वर्षांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाबांच्या फोनवर नांदगावहून यशोधनमामाचा फोन आला. आजी, म्हणजे आईची आई, पहाटे झोपेतच गेली होती. मामा म्हणाला, "भावजी, गाडी करून निघा. ताई येईपर्यंत आम्ही थांबतो."

आई आत वेणी घालत होती. पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घालून बाहेर पडायचं म्हणून जरा लाजत होती. बाबा ओसरीवर उभे होते. त्यांनी त्या क्षणी काय केलं असेल? जे ते रोज करतात तेच. यजमानाचा मुलगा परदेशी असला, लेक लांब असली की ते सांगतात, देह ताटकळत ठेवू नये. ते मामाला म्हणाले, "थांबू नका. मालिनी म्हणते, उरकून घ्या."

मालिनीला पत्ताही नव्हता.

शास्त्र बाबांना तोंडपाठ. लांब असलेल्या माणसाला सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. कानावर पडलं नाही तोवर माणूस मोकळा. एवढा एक दिवस तिला मोकळं ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. तिचा फोन त्यांनी बंद करून पिशवीच्या तळाशी घातला. प्रेमानंच घातला, हे मला आजही मान्य आहे. पण प्रेमानं माणूस किती नालायक वागू शकतो, हेही मला त्यांच्यामुळेच कळलं.

दोघं शेखाडीच्या रस्त्यानं श्रीवर्धनकडे निघाली. तिथं रस्ता अगदी पाण्याला लागून जातो. आईनं गाडी थांबवली आणि म्हणाली, "अहो, आईला फोन लावा ना. तिनं कधी समुद्र बघितला नाही, व्हिडिओवर दाखवू."

"रेंज नाही," बाबा म्हणाले.

"बरं, संध्याकाळी दाखवू."

गणपतीच्या देवळात आई एकटीच गेली. बाबा बाहेर चपलांपाशी उभे राहिले, कारण त्यांच्या कानावर पडलेलं होतं. पित्त झालंय असं सांगून दिवसभर पाण्याखेरीज त्यांनी काही घेतलं नाही. आईनं एका घरगुती खानावळीत उकडीचे मोदक खाल्ले, तीन. बाबा समोर बसून बघत राहिले.

इकडे 'ताई थांबू नका म्हणतेय' असा मामाचा निरोप आल्यावर मी नाशिकरोडहून गाडी पकडली होती. बाबांना फोन केला तर म्हणाले, "ती रडतेय, आत्ता बोलायची नाही." लासलगाव मागे पडेपर्यंत मी आईला मनात वाट्टेल ते बोलत होते. सख्खी आई गेली आणि ही कसली लेक, समुद्र सोडवत नाही हिला! आजीच्या तोंडात आईच्या वाटचं तुळशीचं पान मीच ठेवलं. दीड वाजता तिला नेलं.

संध्याकाळी खोलीवर परतल्यावर बाबांनी आईला सांगितलं. आईनं दोनच गोष्टी विचारल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"साडेसहाला."

"आणि तिला कधी नेलं?"

बाबांनी वेळ सांगितली. आई बराच वेळ हिशेब लावत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी मोदक खात होते."

नांदगावला पोचल्यावर मामा ओट्यावरून उठलाही नाही. "ताई, तूच म्हणालीस ना, उरकून घ्या? मग आता कशाला आलीस?" अंगणभर बायका बसलेल्या. आईनं बाबांकडे पाहिलं. तिच्या नावावर निरोप गेलाय, ही दुसरी गोष्ट तिला तेव्हा कळली. बाबांनी मान खाली घातली. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी, तेवढंही बोलले नाहीत. आईच मामाला म्हणाली, "हो रे, मीच म्हणाले." तिचा चेहरा बघितल्याबरोबर मला सगळं कळलं, आणि गाडीत बसून तिला जे जे बोलले होते ते आठवून मी मोरीत जाऊन रडले.

आजीच्या अस्थी मामानं नाशकात आणल्या. दहावा बाबांनीच सांगायचा, घरचे उपाध्ये असताना दुसरं कोण सांगणार? रामकुंडावर सगळे ओळीनं बसले. बाबा एकेकाचं नाव घेऊन तिळाचं पाणी सोडायला सांगत होते. मामा झाला, मामी झाली. मग आईची पाळी आली. आई ओंजळ पुढे करून बसली आणि बाबांनी हातातली पळी खाली ठेवली. लोक बघायला लागले.

"यशोधन," बाबा म्हणाले, "ते मालिनी नव्हती म्हणाली. तिला ठाऊकच नव्हतं. मीच सांगितलं तुला."

बाबा आईकडे बघत होते. तिनं रडावं, भांडावं, चारचौघांत दोन शब्द सुनावावेत, याचीच ते वाट बघत होते असं मला वाटलं. मीही बघत होते.

आईनं ओंजळ हलवली नाही. लांबून आलेला एखादा यजमान बोलतो तशा आवाजात ती म्हणाली, "पुढचं सांगा, गुरुजी."

उभ्या जन्मात तिनं बाबांना 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. बाबांनी पळी उचलली आणि पुढचं सांगितलं.